बीजेच्या दिवशी पुनव

मारुतरावांचा हात गेला त्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला होता. म्हणून त्या हाताची बातमी कुठे आलीच नाही.

जुलै महिना होता, सोमवार. पहिली पाळी. पिंपरीच्या त्या कंपनीत प्रेस शॉपचा फोरमन कमरेला ट्रान्झिस्टर लटकवून मशिनीमशिनीतून फिरत होता, आणि जिथे थांबेल तिथे सांगत होता, "उतरले, राव, उतरले! पायाचा ठसा उमटला म्हणे धुळीत!" माल लवकर निघावा म्हणून मशिनीच्या तोंडावरची लोखंडी जाळी काढून ठेवली होती. मारुतरावांनी पत्रा आत सरकवला आणि वरून प्रेस खाली आला. ठसा तिथेही उमटला. उजव्या हाताची बोटं पत्र्याबरोबर चपटी झाली.

शेजारच्या मशिनीवर विलास होता, औशाकडचा बदली कामगार. त्याने धावत जाऊन मशीन बंद केलं, आपल्या डोक्याचा फडका सोडून मारुतरावांच्या हाताला गुंडाळला. फोरमनने टेम्पो बोलावला. सरकारी दवाखान्यात नाही, एका खासगी डॉक्टरकडे नेलं. संध्याकाळपर्यंत कंपनीत एक गोष्ट तयार झाली होती, चांगली गोल आणि गुळगुळीत. मारुतराव त्या दिवशी कामावर आलेच नव्हते. रजा घेऊन खेडकडच्या आपल्या गावी गेले होते. तिथे कडब्याची कुट्टी करायच्या यंत्रात हात सापडला.

कामावर हात गेला असता तर कामगार विम्यातून जन्मभर पेन्शन. गावी गेला असेल तर काही नाही. एवढाच प्रश्न होता, आणि तो मारुतरावांच्या घरात चुलीपाशी बसून राहिला.

त्यांची बायको रुक्मिणीबाई तो उचलून बाहेर घेऊन गेली. ती पुनावळ्याची. फार बोलणारी नव्हती, पण धरलेलं सोडणारीही नव्हती. चाळीतल्या अंबूबाईंनी तिला सुचवलं, "अगं, पेपरात येऊ दे. पेपरात आलं का कंपनीला दडपता येत न्हाई. त्यो टायपिंगचा श्याम हाय ना, त्यो बातम्या धाडतो पुण्याला."

श्याम चिंचवड स्टेशनजवळ टायपिंगचा क्लास चालवायचा आणि पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर होता. तरुण, चष्मेवाला, खिशाला दोन पेनं. रुक्मिणीबाई क्लासच्या दारात उभी राहिली तेव्हा आत यंत्रं कडकडत होती. श्यामने सगळं ऐकून घेतलं. मनापासून ऐकलं, हे खरं.

"वहिनी, बातमी आहे ही," तो म्हणाला. "मोठी बातमी आहे. पण आज जागा नाही. पान एक ते पान शेवट, सगळा चंद्र."

"मंग उद्या?"

"उद्या बघू."

उद्या चंद्र होता. परवा चंद्र होता. चांद्रवीर परतीला लागले, समुद्रात पडले, तिथला रोग पसरू नये म्हणून काचेच्या खोलीत बसले, त्यांच्या बायका हसल्या, त्यांच्या आयांनी काय रांधलं. तिथली माती आली, दगड आले. दगडांचे फोटो आले! रुक्मिणीबाईला वाचता येत नव्हतं. मारुतराव सातवी झालेले, ते डाव्या हाताने पेपर मांडीवर पसरून वाचून दाखवायचे. एक दिवस ते थांबले आणि म्हणाले, "दगडाचं वजनसुद्धा दिलंय गं. माझ्या बोटांचं कुनी घेतलं न्हाई."

चाळीत त्या दिवसांत सगळे चंद्राचेच होते. न्हाव्याच्या दुकानात, नळावर, कंपनीच्या फाटकाशी. कुणी रंगीत चित्र कापून देवाच्या फळीला डकवलं. ज्याला पुण्याच्या पुढचं माहीत नाही तोही अमेरिकेच्या गावांची नावं घेऊ लागला. आणि माणसाच्या तोंडून दूरच्या घरातली गोष्ट सोडून काही निघेनासं झालं की शेजारच्या घरातलं रडणं ऐकू येत नाही. रुक्मिणीबाईला त्या बातम्यांचा राग यायचा. चंद्राचा नव्हे. बातम्यांचा.

चंद्राचा तिला राग येणं शक्यच नव्हतं. तो तिचा भाऊ होता.

पुनावळ्याला तिच्या आईला तिच्या मागे मूल जगलं नाही. पाठीला भाऊ नसलेल्या पोरी भाऊबीजेला करतात तेच ती परकर नेसत होती तेव्हापासून करत आली. दिवस मावळला की मावळतीला नखाएवढी कोर दिसते, घटकाभरच दिसते आणि डोंगराआड जाते. तेवढ्यात तबक घेऊन अंगणात यायचं, कुंकू लावल्यासारखं बोट वर करायचं, अक्षता टाकायच्या, निरांजन फिरवायचं. ओवाळणी नसते. साडी नसते. पण बाईला विचारलं, तुझं माहेरी कोण, तर वर बोट दाखवता येतं. नवऱ्याने हात उगारला तर "माझा भाऊ बघतोय" म्हणता येतं. मारुतरावांनी कधी उगारला नाही, हे वेगळं.

ऑक्टोबरात ते चंद्रावरचे लोक मुंबईला येऊन गेले. पेपरात मिरवणूक, हार, गर्दी. रुक्मिणीबाई पुन्हा श्यामच्या दारात.

"आता तरी?"

"आता ती बातमी शिळी झाली, वहिनी," श्याम नजर चुकवत म्हणाला. "जुलैतला अपघात ऑक्टोबरात कोण छापणार?"

"जुलैत जागा न्हवती, आता शिळी झाली. मंग ती ताजी कवा हुती, श्यामराव?"

टायपिंग शिकणाऱ्या दोन मुली मागे वळून बघायला लागल्या. मग श्यामला काहीतरी सुचलं असावं, कारण तो एकदम पुढे झुकला.

"वहिनी, तुम्ही भाऊबीजेला चंद्राला ओवाळता म्हणे. अंबूबाई सांगत होत्या."

"व्हय. का?"

"दिवाळीनंतर लगेच दुसरं यान चंद्रावर निघतंय. पेपरला स्थानिक काहीतरी हवंय. तुमचा ओवाळतानाचा फोटो मी काढतो. तो शंभर टक्के छापून येतो. आणि फोटोखाली तुमची ओळख म्हणून मी लिहितो, की यांचे पती अमुक कंपनीत काम करताना जायबंदी झाले. दोनच ओळी. पण छापल्या जातील. आलं लक्षात? चंद्राच्या पाठीवर बसवून तुमची बातमी आत नेऊ."

ओवाळणं ही दाखवायची गोष्ट आहे असं रुक्मिणीबाईला कधी वाटलं नव्हतं.

"दोन ओळी नक्की?"

"नक्की."

भाऊबीजेला श्याम आला तो उन्हं असतानाच. गळ्यात मागून आणलेला कॅमेरा. चाळीतल्या बाया कामं टाकून दारात आल्या.

"अजून कोर दिसायची हाय, श्यामराव," रुक्मिणीबाई म्हणाली. "दिवस बुडू द्या."

"दिवस बुडला की फोटो येत नाही, वहिनी. या कॅमेऱ्याला उजेड लागतो. तुम्ही तबक घ्या फक्त."

तिने तबक घेतलं आणि सवयीने मावळतीला तोंड केलं. श्यामने कॅमेऱ्यात बघून मान हलवली. "समोर सूर्य येतोय. सगळं पांढरं होईल. अशा वळा. अजून. हां, अशा."

त्याने तिला उगवतीला वळवलं. समोर कंपनीचं धुराडं होतं. बीजेचा चंद्र उगवतीला कधीच नसतो. पाळण्यातल्या पोरीलाही सांगावं लागत नाही. मागून अंबूबाई म्हणाल्या, "काय गं बाई, धुराड्याला ओवाळतीस व्हय?" बाया हसल्या. रुक्मिणीबाईचे कान तापले. तिने हात उचलला. निरांजन उन्हात पेटलंय की नाही तेही कळत नव्हतं. ज्याने तिच्या नवऱ्याचा हात खाल्ला त्या धुराड्याला ती ओवाळत होती आणि भावाकडे तिची पाठ होती.

"जरा हसा, वहिनी."

ती हसली नाही. खटका वाजला.

दिवस मावळल्यावर ती पुन्हा अंगणात आली, एकटी. मावळतीला पातळशी कोर होती, कुणीतरी नखाने आभाळ ओरखडल्यासारखी. तिने ओवाळलं. ओठ हलले. काय म्हणाली ते कुणी ऐकलं नाही. पण दरवर्षीसारखं ती वर बघत थांबली नाही; लगेच आत गेली.

यान सुटल्याची बातमी घेऊन पेपर आला तेव्हा फोटो आतल्या पानावर होता, चांगला मोठा. मारुतरावांनी तो मांडीवर पसरला. रुक्मिणीबाई शेजारी बसली. अंबूबाई उंबऱ्यात.

फोटोत ती होती, तबक होतं. धुराडं नव्हतं. धुराड्याच्या जागी कात्रीने कापून चिकटवलेला चंद्र होता. गोल, थाळीएवढा, डागांसकट. तोच, जुलैपासून रोज छापलेला अमेरिकेचा चंद्र.

"अगं बया," अंबूबाई पुढे सरकल्या. "बीजेच्या दिवशी पुनव?"

"वाचा की खालचं," रुक्मिणीबाई म्हणाली.

मारुतरावांनी वाचलं, बोट ओळीवरून फिरवत, डाव्या हाताचं. "मानव दुसऱ्यांदा चंद्राकडे झेपावत असताना आमच्या काही भगिनी अद्याप त्याला भाऊ मानून ओवाळतात! चिंचवडच्या या भोळ्या भगिनी सौ. रुक्मिणीबाई. यांचे पती..."

ते थांबले.

"वाचा."

"यांचे पती गावी कडब्याच्या कुट्टीत हात सापडल्याने सध्या घरीच असतात."

मारुतरावांनी ओळ पुन्हा मनात वाचली. मग बायकोकडे बघितलं, आणि एखाद्या लहान पोराने आठवत नसलेली गोष्ट विचारावी तसं विचारलं, "मी कवा गेलो गं गावाला?"

त्या आवाजाने रुक्मिणीबाई उठली. डोक्यावरचा पदरही सारखा न करता ती चिंचवड स्टेशनापर्यंत चालत गेली. क्लास चालू होता. तिने पेपर श्यामच्या यंत्रावर ठेवला, अक्षरांवर.

"ह्ये तुमी लिवलं?"

"नाही, वहिनी. देवाशपथ नाही." श्यामचा चेहरा उतरला होता, त्याने आधीच वाचलं होतं. "मी लिहिलं होतं, कामावर जायबंदी. वर कार्यालयात त्यांनी खात्रीसाठी कंपनीला फोन केला. कंपनीने जे सांगितलं ते घातलं."

"मला इचारलं का? ह्यांना इचारलं का?"

"तुमच्याकडे फोन कुठाय?"

त्याने ते चेष्टेने म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

"चंद्रावरच्या मानसाला घटकंघटकंला इचारत्यात, काय खाल्लं, झोप लागली का," ती म्हणाली. "आन पिंपरीतल्या मानसाला इचारायला फोन लागतो. मंग आता खरं काय त्ये छापा. चुकलं म्हना."

"एवढ्यासाठी खुलासा नाही छापत, वहिनी. माझं पोट आहे त्यावर. पुढच्या वर्षी पुण्याला घेतो म्हणालेत मला..."

"घ्येतील की. तुमाला घ्येतील."

ती गेली. पेपर तिथेच राहिला.

पण तो पेपर कंपनीच्या कॅन्टीनमध्येही पोचला होता. तिथे वेगळंच झालं. आधी सगळे दबून वाचत होते. जुलैपासून ज्यांना खरं माहीत होतं ते ताटात मान घालून बसायचे. आता तर छापूनच आलं होतं, म्हणजे संपलंच. छापलेल्यापुढे कोण बोलणार? तेवढ्यात मावळातला एक म्हातारा वेल्डर फोटो डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, "आरं, ह्यो चांद कुठनं आनला? बीजंला असा असतो व्हय? आन बाई कुनीकडं त्वांड करून हाय बघा. सावली कुटं पडलीया? उगवतीला ओवाळतीया!"

एक हसला. मग दुसरा. मग अख्खं कॅन्टीन हसलं. फोरमन आला तरी हसणं थांबेना. "साहेब, उद्या अमावस्येला पुनव लावा, रात्रभर ओव्हरटाइम होईल!" आणि चाळीत नळावर अंबूबाईंनी ओवी जोडली होती, ती पाण्याच्या हंड्याबरोबर घरोघर गेली:

*पेपर पुण्याचा गं, त्याला दिशा ठावी न्हाई*
*बीजेच्या कोरीला गं, पुनव बांधून देई*

*चांदावरची धूळ गं, त्यानं मापून घेतली*
*माझ्या गं कुंकवाची, त्यानं बोटं लपवली*

विलास त्या कॅन्टीनमध्ये होता. तो हसला नाही. पण चार महिने त्याने जे दाबून ठेवलं होतं ते त्या हसण्याने हललं. बदली कामगाराला रोज फाटकाशी उभं राहावं लागतं. साहेबाच्या मनात आलं तर आत, नाही तर परत. त्याचं तोंड त्या फाटकाला बांधलेलं होतं.

मारुतरावांनी विम्यासाठी केलेल्या अर्जाच्या चौकशीचा दिवस आला. विम्याचे साहेब टेबलामागे. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या कपड्यात, आणि त्याच्या हातात पुठ्ठ्यावर चिकटवलेलं तेच कात्रण.

"साहेब, आम्ही काय सांगणार?" तो म्हणाला. "त्यांच्याच बायकोने वर्तमानपत्राला दिलेली माहिती आहे. फोटोसकट."

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "बाई, हा फोटो तुमचाच ना?"

"माझाच. पर त्यातला चांद माझा न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाली. "साहेब, भाऊबीजेचा फोटो हाय. बीजंला पुनवेचा चांद असतो का? ज्यानं वरचं खोटं चिकटवलं त्यानं खालचं खरं लिवलं आसंल का?"

साहेबांच्या मिशीत हसू आलं. क्षणभर असं वाटलं की झालं. मग त्यांनी कात्रण बाजूला ठेवलं. "बाई, तुमचं म्हणणं पटतं मला. पण चंद्र चुकला म्हणून हात कामावर गेला असं मला लिहिता येत नाही. बघणारं कुणी आहे?"

कंपनीचा माणूस खिडकीबाहेर बघू लागला. मारुतरावांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"हाय की," दारातून आवाज आला. "मी हाव."

विलास चौकटीत उभा होता, कामाच्या कपड्यांवर, अंगाला तेलाचा वास. दुसऱ्या पाळीला निघालेला तो फाटकाकडे न जाता इकडे आला होता.

"तू कोण?" साहेब.

"विलास. बाजूच्या मशिनीवर होतो. मीच मशीन बंद केलो. हात मीच काढलो बाहेर. माझ्याच फडक्यात बांधलो." तो कंपनीच्या माणसाकडे बघत नव्हता. "जाळी काढून ठिवली होती साहेब, म्हैनाभर. फोरमनच्या कमरेला रेडू चालू होता. लोक चंद्रावर उतरले म्हणून सांगत होता. त्या रेडूवर काय चाललं होतं त्ये बी सांगू का?"

"इतके दिवस का बोलला नाहीस?"

"भ्यालतो."

"आता भीती गेली?"

"न्हाई, साहेब. हाय की." विलासने हात पाठीमागे धरले. "पर कॅन्टीनमंदी समदे त्या पेपरला हसले, तवा वाटलं, ह्ये लोक नुसतं हसून घरला जातील. आन ह्यो भाऊ तसाच ऱ्हाईल."

साहेबांनी त्याला आत बोलावून खुर्ची दिली. त्यांनी खासगी डॉक्टरलाही बोलावणं धाडलं. एका माणसाने सांगितलं म्हटल्यावर वेल्डर बोलला, मग आणखी दोघे. महिन्याभरात हात कामावर गेला असं सरकारी शिक्क्यानिशी ठरलं, मारुतरावांना पेन्शन लागली. मशिनींवर जाळ्या बसल्या.

विलासला पुन्हा फाटकाच्या आत कुणी घेतलं नाही. रोज जाऊन उभा राहायचा, रोज परत. शेवटी तो चाकणच्या बाजारात कांद्याची पोती उचलायला लागला. रुक्मिणीबाई त्याला दर रविवारी जेवायला बोलवायची. तो कधी यायचा, कधी नाही. आला की मारुतरावांशी कमी बोलायचा. दोघांनाही एकमेकांकडे बघवत नसे.

निकालानंतर एका सकाळी श्याम चाळीत आला. खिशाला तीच दोन पेनं. रुक्मिणीबाई दारात तांदूळ निवडत होती.

"वहिनी, ऐकलं मी. फार आनंद झाला. आता कसं, बातमी पक्की आहे. सरकारी निकाल आहे, कंपनीला काही बोलता येणार नाही. चंद्राची गर्दीही ओसरली. चांगली चार रकान्यांची जागा देतो म्हणालेत."

ती सुपातले खडे वेचत राहिली.

"विलासबद्दलही लिहितो. त्याला बाहेर काढला ते. सगळं. ह्या वेळी स्वतः पुण्याला घेऊन जातो मजकूर, एक अक्षर बदलू देणार नाही."

"नको," ती म्हणाली.

"नको? अहो, जुलैपासून तुम्ही दारात येत होता माझ्या."

"येत हुते."

"मग? खरं आहे ना हे सगळं?"

रुक्मिणीबाईने सूप खाली ठेवलं. आतमध्ये मारुतराव डाव्या हाताने सदऱ्याची गुंडी लावत होते. एक लागली होती, दुसरी निसटत होती. तिने तिकडे बघितलं, मग श्यामकडे.

"खरं हाय. चार मानसांनी जिवावर उदार होऊन खरं केलंय. म्हनून म्हनते, श्यामराव, तुमच्या पेपरात नगा देऊ. लोकांना खोटं वाटंल."